साडेअठरा हजाराचा साऊंडबार अन् नागपूरचा कूलर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरच्या बर्डी बाजारातून साऊंडबार आणला. ५.१ वाला, म्हणजे टीव्हीखाली एक लांब पट्टी, बाजूला वूफरचा, म्हणजे खालच्या जाड आवाजाचा डबा, अन् सोफ्याच्या मागे दोन चिल्लर स्पीकर. साडेअठरा हजार लागले. आता जून संपत आला, पाऊस अजून नीट आला नाही, दोन महिने रोज रात्री वापरून झाला म्हणून आता लिहून राहिलो, पहिल्या दिवशीच पाच स्टार ठोकणाऱ्यातला मी नाही. कंपनीचे अन् दुकानाचे नाव टाकत नाही, खाली थोडी तक्रार आहे आणि मला कोणाशी भांडत बसायचे नाही.

आधीच सांगून ठेवतो, आमच्या घरी थ्रिलर चालतात. प्रेमाचा सिनेमा लागला की आई उठून जाते, कॉमेडी लागली की बायको मोबाइल काढते, पण खून झाला रे झाला की सगळे आपापल्या जागी येऊन बसतात. तर हा रिव्ह्यू त्या हिशोबाने आहे, की हा डबा (म्हणजे सगळा साऊंडबार) घाबरवतो का नाही. लग्नातली गाणी वाजवायला घेत असाल तर घेऊन टाका, धडधड मस्त करते, पुढचे वाचायची गरज नाही.

दुकानात काय होते तुम्हाला माहीत आहे. एसी लावलेली काचेची खोली, आत नरम सोफा, अन् पोट्टा एक डेमो लावते ज्यात हेलिकॉप्टर, गाड्यांचे स्फोट, परत हेलिकॉप्टर. "भाऊ, छातीत वाजते पाहा." वाजले ना, खोटे काऊन बोलू. मी बी भुललो अन् तिथेच कार्ड काढले. घरी आल्यावर आठवड्याभराने डोक्यात उजेड पडला की स्फोटाला कोणीच घाबरत नाही राजेहो. स्फोट झाला म्हणजे जे व्हायचे ते होऊन गेले. भीती त्याच्या आधीच्या मिनिटात असते आणि ते मिनिट बहुतेक वेळा एकदम हळू आवाजाचे असते. मी दुकानात विचारायला पाहिजे होते की भाऊ, याच्यात सगळ्यात बारीक आवाज कसा येतो ते ऐकव. तो डेमो कोणीच लावत नाही.

पहिल्या रात्री शार्कवाला जॉज लावला, १९७५ चा. त्याचे ते संगीत सगळ्यांना माहीत आहे, जॉन विल्यम्सचे, दोनच स्वर, आधी सावकाश मग जवळ जवळ. भाचा आमच्याकडे सुट्टीत आला होता, त्याने लगेच बाबांची जुनी पेटी काढली (बाबा भजनी मंडळात वाजवायचे) अन् दोन मिनिटांत शोधून काढले. पेटीवर लागून असलेल्या दोन पांढऱ्या पट्ट्या, ज्यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, त्या दोन आलटून पालटून खालच्या सप्तकात दाबायच्या. आपल्या भाषेत सा अन् कोमल रे समजा. एवढे जवळचे स्वर कानाला शांत बसू देत नाहीत, अन् लय वाढत जाते तसे आपले मन आपोआप म्हणते की काहीतरी जवळ येऊन राहिले. पेटीवर ऐकून बी आई म्हणे, "बंद कर ते, अपशकुनी वाजून राहिले."

गंमत अशी की शूटिंगच्या वेळी तो यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात घडीघडी बिघडायचा, म्हणून त्याला जास्त दाखवताच आले नाही, अन् त्याची हजेरी लावायचे काम त्या दोन स्वरांवर आले. आता याच्यात साऊंडबारचा काय संबंध, तर हे स्वर वाजवतात सेलो अन् डबल बेस, म्हणजे एकदम खालचा आवाज. टीव्हीच्या आतले स्पीकर बोटभर जाडीचे, त्याच्यातून हे आजपर्यंत मला कोणी दुसऱ्या खोलीत टेबल सरकवून राहिले असे ऐकू यायचे. वूफरातून पहिल्यांदा खरे ऐकले. अन् एक गोष्ट कळली, इतक्या खालचा आवाज, साधारण ८० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या) खालचा, कुठून येऊन राहिला हे आपल्या कानाला नीट ओळखता येत नाही. डावीकडून का उजवीकडून, पत्ताच लागत नाही. वूफर कोपऱ्यात ठेवता येतो तो यामुळेच, अन् भीती वाटते ती बी थोडीफार याचमुळे, कारण दिशा नसलेला आवाज म्हणजे पळायचे कुठे तेच समजत नाही. या बाबतीत डबा पास. बॉक्सवर ४० हर्ट्झपर्यंत जाते असे लिहिले आहे, मोजायला माझ्याकडे काही नाही, पण दिवाणाच्या पाट्या थरथरतात एवढे सांगू शकतो.

याच सिनेमात अजून एक चालाखी आहे. दोन पोट्टे शार्कसारखा पुठ्ठ्याचा पर लावून लोकांना घाबरवतात, तेव्हा ते संगीत वाजत नाही. म्हणजे सिनेमा आपल्याला शिकवून राहिला की संगीत आले तरच शार्क, नाहीतर बिनधास्त बसा. आपण शिकतो, अन् मग पुढे नावेवर एक माणूस तोंड वर करून बोलत बोलत पाण्यात मासे टाकून राहिला, काहीच वाजत नाही, अन् एकदम ते धूड वर. बायकोच्या हातातला चिवडा सोफ्यावर. आधी सवय लावायची, मग बरोबर मोक्यावर ती मोडायची.

इथे एक कामाची गोष्ट, सगळ्यांनी वाचा. पहिले आठ दिवस मागचे दोन स्पीकर आम्हाला नुसतेच पुढच्याची नक्कल करणारे वाटत होते. मी समजलो डबाच भंगार आहे. नंतर भाच्याने टीव्हीच्या सेटिंगमध्ये घुसून पाहिले तर ऑडिओ आउटपुट पीसीएमवर होते. एआरसीच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज डब्याला पोहोचवणाऱ्या वायरीतून पीसीएम गेले की दोनच चॅनल जातात, बाकीचे डबा आपल्या मनाने बनवते. ते बदलून ऑटो किंवा बिटस्ट्रीम करा अन् वायर टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी लिहिले आहे त्यालाच लावा, दुसऱ्याला नाही. बसवायला आलेल्या माणसाने हे केले नव्हते. तो आला, दोन भोकं पाडली, ब्लूटूथवर एक रिमिक्स वाजवून दाखवले, चारशे रुपये घेतले अन् गेला.

सेटिंग झाल्यावर मागचे स्पीकर जिवंत झाले अन् आमची पंचाईत झाली. आम्ही अजनीच्या रेल्वे लाइनीच्या जवळ राहतो. रात्री मालगाडीचा भोंगा वाजला की सिनेमातला का बाहेरचा हे कळतच नाही. एकदा सिनेमात रात्रीचा सीन होता, मागच्या स्पीकरातून कुत्रे भुंकले, अन् गल्लीतल्या खऱ्या कुत्र्यांनी त्याला उत्तर दिले. पाच मिनिटे हेच चालू. आई उठून गेट पाहून आली.

नंतर १९६० चा सायको. तो बाथरूममधल्या खुनाचा सीन. संगीतकार बर्नार्ड हरमनने त्या सिनेमाला फक्त तंतुवाद्ये वापरली, ना ढोल ना पिपाणी, अन् दिग्दर्शक हिचकॉकला तर आधी तो सीन बिनासंगीताचाच पाहिजे होता, हरमनने तरी बी लिहून ठेवले, ऐकल्यावर साहेबांनी मत बदलले. व्हायोलिन अशा किंचाळतात की ती बाई किंचाळून राहिली का वाद्य हे वेगळे करता येत नाही. चाकूच्या आवाजासाठी खरबुजात सुरा खुपसून रेकॉर्डिंग केले होते, हे मी आईला सांगितले तर ती म्हणे, "उन्हाळाभर खरबूजच कापून राहिले मी, मले पैसे कोण देते?"

पण रिव्ह्यू म्हणून खरे सांगायचे तर या सीनला साऊंडबारचा काही फायदा नाही झाला. हा सगळा वरच्या पट्टीतला आवाज, टीव्हीच्या स्पीकरातून बी तो तेवढाच कानात घुसायचा. उलट या डब्यात वरचा आवाज जरा जास्तच चरचरीत आहे, ट्रेबल दोन पॉइंट खाली करावा लागला. अजून एक, जुन्या सिनेमांना याचा तो सराउंड मोड चुकूनही लावू नका. आईसाठी १९६० चाच कानून लावला होता, बी. आर. चोप्रांचा, ज्याच्यात एक बी गाणे नाही, त्या काळी हिंदी सिनेमात गाणे नाही म्हणजे केवढी हिंमत. मूळ आवाज एकाच चॅनलचा, अन् डब्याने त्याला ओढून ताणून पाच बाजूंनी पसरवला, तर कोर्टातले डायलॉग मंगल कार्यालयातल्या माइकसारखे घुमायला लागले. स्टँडर्ड मोड लावला तेव्हा जीवात जीव आला. आईचे म्हणणे की भीतीसाठी एवढी भानगड लागतच नाही, हा खेळ सावल्यांचा मधले रात्रीस खेळ चाले रेडिओवर लागायचे तेवढ्यानेच ती अंगणात जायची बंद व्हायची. तेही खरेच आहे म्हणा, ते गाणे ऐकायला गोड आहे अन् तरी बी मागून कोणी चालत येऊन राहिल्यासारखे वाटते.

आता असली मुद्दा. कूलर.

पुण्या-मुंबईच्या लोकांचे रिव्ह्यू वाचून डबा घेतला, त्याच्यात कोणीच कूलरबद्दल लिहिले नव्हते, कारण त्यांना माहीतच नाही ही काय चीज आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास नाचते, अन् हॉलमध्ये खिडकीला लोखंडी कूलर, आत भला मोठा पंखा, वाळ्याच्या ताट्या, पाण्याचा पंप. तो चालू असला की शेजारच्या माणसाशी बी जोरात बोलावे लागते. फोनवरच्या अॅपने मोजले तर सोफ्यावर ६४ डेसिबल दाखवले, अॅप किती खरे बोलते देव जाणे, पण अंदाज येतो. म्हणजे सिनेमात याच्यापेक्षा बारीक जे काही आहे ते सगळे कूलरने खाल्ले.

हे लक्षात आले ते नो कंट्री फॉर ओल्ड मेन पाहताना, २००७ चा, कोएन भावांचा. या सिनेमात संगीत अगदी नावालाच आहे. एक सीन आहे, हॉटेलच्या खोलीत माणूस लाइट बंद करून पलंगावर बसला, हातात बंदूक, दाराच्या फटीतून कॉरिडॉरचा उजेड. तो खाली काउंटरला फोन लावते, अन् खाली कुठेतरी दूर ती घंटी वाजत राहते, कोणी उचलत नाही. बस. कोणी उचलत नाही एवढेच तुम्हाला सांगायचे आहे, बाकी तुम्ही समजून घ्या की खाली काय झाले असेल. मग पावले, मग फटीत सावली, मग कॉरिडॉरचा बल्ब जाते. भाऊ, मला पहिल्या वेळी ती खालची घंटी ऐकूच आली नाही. पावले नाही ऐकू आली. मी बसलो चहा पीत, मला वाटले हा नुसता बसून राहिला, सीन लांबवला. अन् एकदम गोळीबार.

मग मी जे सगळे करतात ते केले, आवाज वाढवला. ३५ वर नेला. घंटी ऐकू आली, पावले ऐकू आली, अंगावर काटा आला, अन् त्याच्या पुढच्या गोळीला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी छताला काठी ठोकली. सकाळी जिन्यात भेटल्या तर म्हणे, "काऊन रे बावा, रात्री फर्निचर पाडून राहिला होता का?" वूफर सरळ टाइल्सवर, कोपऱ्यात ठेवला होता, कोपऱ्यात भिंती दोन्ही बाजूंनी खालचा आवाज अजून फुगवतात. जुनी सतरंजी चौपदरी करून खाली घातली, कोपऱ्यातून दीड हात बाहेर काढला, तेव्हा काकूंचे अन् आमचे बोलणे सुरळीत झाले. आवाज बी सुधारला, आधी नुसते घुमत होते आता ठोका वेगळा कळते.

काकूंच्या भीतीने मग नाइट मोड लावून पाहिला. रिमोटवर चंद्राचे बटन आहे. हे बटन काय करते तर बारीक आवाज वर उचलते अन् मोठा आवाज दाबते, दोघांना जवळ जवळ आणून बसवते. डायलॉग मस्त कळतात, काकू झोपतात, पण थ्रिलर मरते. कारण दचकवणे म्हणजे नुसता मोठा आवाज नाही, त्याच्या आधीची शांतता किती खोल आहे त्याच्यावर सगळा खेळ. पायरी दोन इंचाची केली तर कोण अडखळणार? बायको म्हणे बातम्या पाहिल्यासारखे वाटून राहिले. तिला ते बटन आवडले, मालिका ती त्याच्यावरच पाहते, म्हणून बटनाला पूर्ण वाईट म्हणत नाही.

अ क्वाएट प्लेस लावला तेव्हा तर कूलर बंद करावाच लागला. २०१८ चा सिनेमा, आवाज केला की मेले अशी त्याची गोष्ट, त्यातल्या मुलीला ऐकू येत नाही अन् जेव्हा सिनेमा तिच्या बाजूने होतो तेव्हा आवाज पूर्ण कापतात. पूर्ण. खोलीत ४० डिग्री, कूलर बंद, चौघे घामाने निथळत, अन् कोणी हात हलवायला तयार नाही. घाम पुसायला बी आवाज होईल असे वाटून राहिले होते. मला या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त मजा इथे आली, अन् गंमत पाहा, साडेअठरा हजाराचा डबा तेव्हा काहीच वाजवत नव्हता. तरी इथे एक मार्क देतो, काही वाजत नसताना या पट्टीतून सू सू येत नाही. मित्राकडच्या स्वस्तातल्या बारमधून येते, अन् ती सुरसुर असली की अशी शांतता जमत नाही.

संवाद स्पष्ट आहेत, मधला चॅनल वेगळा असल्याचा फायदा. पण अंधाधुन परत पाहिला तेव्हा लक्षात आले की तिथे संवादच नाहीत. आंधळेपणाचे सोंग घेतलेला पोट्टा पियानो वाजवून राहिला, समोर प्रेत, खुनातले ते दोघे निमूटपणे आवराआवर करतात. पियानो छान चालू आहे, प्रसन्न. संगीत घाबरवायला गेलेच नाही, ते आपले मजेत आहे, डोळे एक सांगतात अन् कान एक सांगतात, अन् ताण त्या दोघांच्या मध्ये तयार होते. वर अजून एक फास, वाजवणे थांबले तर संशय येईल. इथे पियानोचा आवाज या बारमधून जरा पातळ वाटला. वूफर अन् पट्टी यांच्या मधला जो भाग असतो, माणसाच्या भरदार आवाजाचा, तो या किमतीत कमीच मिळते.

डंकर्क लढाईचा आहे पण आमच्या घरी तो थ्रिलरमध्येच धरतात. त्याच्यात घड्याळाची टिकटिक चालू राहते अन् एक आवाज सतत वर चढत राहतो, चढत राहतो, पण कुठे पोहोचतच नाही. याला शेपर्ड टोन म्हणतात, रॉजर शेपर्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मांडलेला कानाचा भ्रम. एकाच स्वराचे वेगवेगळ्या सप्तकातले थर एकदमच चढवायचे, वरचा हळूहळू विरत जाते अन् खालून नवीन गुपचूप आत येते. आईला समजावताना मला एकच उपमा सुचली, नळाखाली पिंप भरताना आवाज कसा वर वर जातो, आपल्याला आतून कळते की आता भरत आले, नळ बंद करायला पळा, तसे, फक्त हे पिंप भरतच नाही. आई म्हणे, "मंग उठू का बसू?" बरोबर तीच अवस्था करायची असते त्यांना. याच्यासाठी वरचे अन् खालचे दोन्ही आवाज नीट पाहिजेत, टीव्हीवर खालचा थर गायब असते. इथे डब्याने पैसे वसूल केले.

तक्रार एवढीच की दुसऱ्याच आठवड्यात मागच्या डाव्या स्पीकरातून भुणभुण सुरू झाली. थ्रिलरमध्ये माशी घोंगावल्यासारखी, दोन दिवस आम्हाला तो सिनेमाचाच भाग वाटला. सर्व्हिसला तीन वेळा फोन केला, प्रत्येक वेळी नवीन तक्रार नंबर, माणूस अकराव्या दिवशी आला. अॅडॉप्टर बदलून दिला, फुकट, आवाज गेला. दुकानवाला म्हणे आमचे काम विकायचे, पुढचे कंपनी पाहील. रिमोट बी अगदी भिकार, अंधारात एक बटन दिसत नाही, अन् थ्रिलर अंधारातच पाहतात हे बनवणाऱ्याला कोणी सांगितले नसावे.

पाचपैकी साडेतीन. थ्रिलरसाठी घेत असाल तर दुकानात हेलिकॉप्टर पाहू नका, तुमच्या फोनवरून एखादा शांत सीन लावायला सांगा, आवाज १० वर ठेवा अन् पावले ऐकू येतात का पाहा. ऐकू आली तर घ्या. एसी असेल तर अर्धा स्टार अजून पकडा.

आमच्याकडे एसी नाही, तर तोडगा भाच्याने काढला. कूलरचे बटन त्याच्या हाताशी. सिनेमात संगीत थांबले, कोणी जिना उतरायला लागले, दार आपोआप उघडले की हा पठ्ठ्या कूलर बंद करते, पंखा घरघरत हळूहळू थांबते, ताटीवरून टपटप पाणी पडत राहते, अन् मग पावले ऐकू येतात. सीन संपला की परत चालू. पंधरा दिवस मस्त चालले. मग झाले असे की परवा संध्याकाळी टीव्ही बंद होता, आई एकटीच हॉलमध्ये मेथी निवडत बसली होती अन् लाइट गेली. कूलरचा पंखा घरघरत थांबला, ताटीवरून टपटप सुरू झाले. मी किचनमधून आलो तर आई मेथीची जुडी छातीशी धरून दाराकडे पाहून राहिली होती. म्हणे, "कोण आलं पाह्य बरं आधी."